वेगवान म्हणजे किती वेगवान? अल्गोरिदमचे प्रयोग आणि पेपर लिहिण्याचा कोर्स

मागच्या आठवड्यात गुण जाहीर झाले आणि सगळं सत्र व्यापून राहिलेला एक विषय एकदाचा संपला. ‘प्रायोगिक अल्गोरिदम संशोधन आणि शास्त्रीय लेखन’ असं त्याचं भारदस्त नाव. अर्ज करण्याआधी मी या प्रकारच्या कोर्सबद्दल बरीच शोधाशोध केली होती. अभ्यासक्रमाची यादी मिळायची, पण प्रत्यक्षात काय करावं लागतं, वेळ कुठे जातो, कशाची धास्ती घ्यायची आणि कशाची नाही, हे कुणी सविस्तर लिहिलेलं सापडलं नाही. म्हणून आठवणी ताज्या आहेत तोवर लिहून टाकतेय.

लेखी परीक्षा नाही. दोघादोघांचे गट. एक प्रश्न निवडायचा, प्रयोग करून त्याचं उत्तर शोधायचं, ते एखाद्या परिषदेला पाठवावं तशा बारा पानी पेपरात, म्हणजे शोधनिबंधात, लिहायचं, इतर गटांच्या पेपरांचं परीक्षण करायचं आणि शेवटी सगळ्यांसमोर मांडायचं. ‘परीक्षा नाही’ एवढंच वाचून नाव घालणारे दरवर्षी असतात म्हणे. तिसऱ्या आठवड्यापर्यंत वर्गातल्या बऱ्याच खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या.

जागा मोजक्या असल्यामुळे सत्र सुरू होण्याच्या सहा आठवडे आधी एक पानी अर्ज द्यावा लागतो. सोबत अल्गोरिदमचा मूलभूत विषय उत्तीर्ण झाल्याची गुणपत्रिका आणि स्वतः लिहिलेल्या एखाद्या कोडचा दुवा. मला आधी प्रतीक्षायादीत टाकलं होतं; नाव पक्कं झालं ते वर्ग सुरू व्हायच्या तोंडावर. प्रतीक्षायादीत असलात तरी पहिल्या तासाला जाऊन बसा, कारण पहिल्याच आठवड्यात जागा सुटतात आणि त्या समोर दिसणाऱ्यांना मिळतात. कोर्स शिकवणाऱ्या मॅडमनी नंतर गप्पांत सांगितलं, की अर्जातला ‘मला संशोधनाची ओढ आहे’ हा परिच्छेद त्या वाचतही नाहीत. ‘तुम्हाला काय मोजावंसं वाटतं आणि का’ या प्रश्नाखाली दोन ओळी धड असल्या की बास.

पहिले तीन आठवडे नुसतं वाचन. आठवड्याला दोन पेपर, आणि प्रत्येकासाठी एक तक्ता: डावीकडे लेखकांनी केलेला दावा, उजवीकडे त्या दाव्याला आधार देणारी आकृती किंवा प्रमेय. उजवा रकाना रिकामा राहिला तर तसंच लिहायचं. हा गृहपाठ बालिश वाटला होता. दुसऱ्याच पेपरात गोषवाऱ्यातल्या एका ठसठशीत दाव्यासमोर काहीच लिहिता येईना, तेव्हा जरा जागी झाले.

प्रयोगांची गरजच काय, हेही याच काळात झालं. रेषीय नियोजनासाठीची (मर्यादा सांभाळून सर्वात फायद्याची वाटणी शोधण्यासाठीची) डॅन्ट्झिग यांची सिम्प्लेक्स पद्धत १९४७ सालची. १९७२ मध्ये क्ली आणि मिंटी यांनी अशी उदाहरणं रचून दाखवली, की ज्यांवर डॅन्ट्झिग यांच्या निवड-नियमाने चालणाऱ्या सिम्प्लेक्सला घातांकी संख्येने, म्हणजे उदाहरण थोडं वाढलं की दुपटीने वाढणाऱ्या, पायऱ्या लागतात. तरी लोक ती पद्धत रोज वापरतच राहिले, कारण व्यवहारातल्या उदाहरणांवर ती झपाझप चालते. हे असं का, याचं समाधानकारक सैद्धांतिक स्पष्टीकरण स्पीलमन आणि टेंग यांनी दिलं ते थेट २००१ मध्ये. म्हणजे प्रयोग पुढे आणि सिद्धांत मागून, असं तीसेक वर्षं चाललं होतं. या क्षेत्राला स्वतःचं घर मात्र उशिरा मिळालं: डायमॅक्स या अमेरिकी संशोधन केंद्राच्या अल्गोरिदम-आव्हानांची मालिका १९९०-९१ मध्ये सुरू झाली, प्रायोगिक अल्गोरिदमना वाहिलेलं एसीएम या संगणकशास्त्राच्या संस्थेचं नियतकालिक १९९६ मध्ये, अ‍ॅलेनेक्स ही परिषद १९९९ मध्ये. डेव्हिड जॉन्सन यांचा २००२ सालचा मार्गदर्शक निबंध आम्हाला पहिल्याच आठवड्यात दिला होता. असे प्रयोग करताना आणि मांडताना खटकणाऱ्या गोष्टींची त्यात यादीच आहे. ‘तासभर चालवलं आणि तोवर जे सर्वात चांगलं उत्तर मिळालं ते छापलं’ या प्रकारावर त्यांचा विशेष राग, कारण दुसऱ्या यंत्रावर तोच प्रयोग पुन्हा करायला गेलं की वेगळंच उत्तर येणार. कोर्सला जाणार नसाल तरी तो निबंध वाचाच.

चौथ्या आठवड्यात प्रस्ताव द्यायचा होता. आम्ही लिहिलं: ‘डाइक्स्ट्राच्या अल्गोरिदममध्ये वेगवेगळ्या हीपांची तुलना’. (हा अल्गोरिदम ग्राफमध्ये, म्हणजे नोड नावाचे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या कडा यांच्या जाळ्यात, सर्वात जवळचे मार्ग शोधतो; हीप म्हणजे सर्वात लहान आकडा पटकन काढून देणारी रचना.) तो परत आला, वर लाल अक्षरांत: ‘हा विषय झाला. प्रश्न कुठे आहे?’

मॅडमची रीत अशी होती, की काहीही मोजण्याआधी पेपरातलं अंतिम वाक्य लिहायचं. आकड्याच्या जागी रिकामी चौकट ठेवायची, पण वाक्य पूर्ण हवं: कशावर, कशाच्या तुलनेत, कुठल्या मापात. ते वाक्य जमत नसेल तर प्रयोगही जमणार नाही, असं त्यांचं ठाम मत. मला तेव्हा हे उलटं वाटलं. आधी मोजू, मग काय दिसतंय ते लिहू, अशीच माझी समजूत होती. पण सत्रभर ज्या ज्या वेळी आम्ही अडलो, त्या त्या वेळी सुटका याच चौकटीच्या वाक्याने झाली.

आमचं वाक्य असं ठरलं. डाइक्स्ट्राच्या १९५९ सालच्या अल्गोरिदमला एक अग्रक्रम रांग लागते, म्हणजे सर्वात कमी अंतराचा नोड आधी हाती देणारी रांग; ती हीपने बांधतात. साधा द्विशाखी हीप वापरला तर जवळचा मार्ग सापडल्यावर एखाद्या नोडचं नोंदलेलं अंतर कमी करण्याची क्रिया रांगेतल्या घटकांच्या संख्येच्या लॉगच्या प्रमाणात महाग पडते. फ्रेडमन आणि टारजन यांच्या फिबोनाची हीपमध्ये (पेपर १९८७ चा) तीच क्रिया सरासरी हिशेबाने स्थिर वेळात होते, म्हणून पाठ्यपुस्तकात तो श्रेष्ठ. तर मग रस्त्यांच्या जाळ्यांवर तो खरोखर जिंकतो का, आणि नसेल तर अंतर कमी करण्याची क्रिया किती वेळा होते यावरून ते हरणं समजावून सांगता येतं का? दुसरा भाग महत्त्वाचा. ‘कोण जिंकलं’ हे कुणीही सांगेल. ‘का’ हे सांगितलं तर वाचणाऱ्याला आपल्या कामात त्याचा उपयोग. प्रस्ताव दुसऱ्या खेपेला पास झाला.

त्यानंतर कागदपत्रं. विद्यापीठाच्या संगणक-क्लस्टरवर (एकत्र जोडलेल्या अनेक संगणकांवर) खातं हवं तर अर्ज, त्यावर मार्गदर्शकाची सही, वापराच्या अटी मान्य असल्याची घोषणा आणि सुरक्षेची छोटी ऑनलाइन चाचणी. खातं मिळायला जवळजवळ दोन आठवडे गेले. हा अर्ज प्रस्ताव मंजूर व्हायची वाट न बघता पहिल्या आठवड्यातच टाका. खात्यात प्रत्येक गटाला ठरावीक तास आणि ठरावीक जागा मिळते. तास संपले की वाढवून मागायला पुन्हा अर्ज. पैशांचा खर्च म्हणाल तर शून्य: कंपायलर (कोड यंत्राच्या भाषेत आणणारा प्रोग्राम), आकृत्या काढायची साधनं, लाटेक (पेपर मांडायचं साधन), सगळं फुकट आहे. खर्च होतो तो क्लस्टरच्या तासांचा आणि स्वतःच्या रात्रींचा.

डेटा मिळवणं त्या मानाने सोपं. डायमॅक्सच्या नवव्या आव्हानासाठी, २००५-०६ मध्ये, अमेरिकेच्या रस्त्यांची बारा जाळी प्रसिद्ध झाली होती आणि आजही बरेच जण तीच वापरतात. सर्वात लहान न्यूयॉर्कचं, २,६४,३४६ नोड आणि ७,३३,८४६ कडा. सर्वात मोठं अख्ख्या देशाचं, २,३९,४७,३४७ नोड आणि ५,८३,३३,३४४ कडा. भागाकार करून बघा: एका नोडमागे तीनहून कमी कडा. आमच्या उत्तराची अर्धी चावी त्या भागाकारातच होती, पण ते बऱ्याच पुढे.

कोड लिहून झाल्यावर घड्याळ लावायची घाई होते. सरांनी (प्रयोगशाळेचे तास सर घेत) ती मोडून काढली. आधी बरोबर चालतंय याचा पुरावा: सगळ्या हीपांनी काढलेल्या सर्व अंतरांची बेरीज एकच यायला हवी, आणि लहान ग्राफांवर ती बेलमन-फोर्ड या हीप न वापरणाऱ्या दुसऱ्या अल्गोरिदमशी जुळायला हवी. ही बेरीज छापण्याचा एक आडून फायदाही आहे. काढलेलं उत्तर पुढे कुठेच वापरलं नाही, तर हुशार कंपायलर तो हिशेबच गाळून टाकू शकतो, आणि मग तुम्ही कौतुकाने काहीच न करण्याचा वेळ मोजत बसता.

मग मोजणी. कोर्सचा सर्वात मोठा वेळ इथे गेला आणि सर्वात जास्त शिकायलाही इथेच मिळालं, म्हणून जरा रेंगाळते.

पहिल्या दिवशी मी माझ्या लॅपटॉपवर तोच प्रोग्राम, तोच ग्राफ, तोच उगमबिंदू घेऊन पुन्हा पुन्हा चालवला. आकडे एकमेकांशी जुळेनात. सुरुवातीचे रन झपाट्याने, नंतरचे सावकाश. थंड प्रोसेसर आधी टर्बोमध्ये धावतो, तापला की वेग उतरवतो. त्यात ब्राउझर उघडा, विजेची बचत चालू. क्लस्टरवर हे बरंच आटोक्यात येतं, पण आपोआप नाही. पूर्ण मशीन फक्त आपल्यासाठी मागायचं (रांगेत जास्त थांबावं लागतं, पण शेजाऱ्याचा प्रोग्राम आपली कॅश, म्हणजे प्रोसेसरजवळची छोटी वेगवान मेमरी, खात नाही), प्रोग्राम प्रोसेसरच्या एकाच कोअरला बांधून ठेवायचा, प्रोसेसरची वारंवारता स्थिर करता येत असेल तर करायची. पहिला रन टाकून द्यायचा, कारण फाइल डिस्कवरून येते आणि कॅश रिकामी असते. ग्राफ वाचायचा वेळ आणि अल्गोरिदमचा वेळ वेगळे मोजायचे. आणि ज्या हीपांची तुलना करायची त्यांचे रन आलटून पालटून लावायचे. एकाचे सगळे सकाळी आणि दुसऱ्याचे सगळे रात्री, असं नको.

एवढं करूनही निश्चिंत होता येत नाही. २००९ साली मायटकोविच आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं, की प्रोग्राममध्ये काहीही न बदलता नुसती पर्यावरण-चलांची (प्रोग्रामला बाहेरून मिळणाऱ्या सेटिंग्जची) लांबी किंवा फायली लिंक करण्याचा क्रम बदलला तरी वेळ बदलतो, आणि तोही एखाद्या सुधारणेचा निष्कर्ष फिरेल इतका. सरांनी हे वर्गात सगळ्यांच्या डोळ्यांदेखत करून दाखवलं. त्यानंतर दोन-तीन टक्क्यांच्या फरकावर कुणी फुशारकी मारली की वर्गात आपसूकच हसू फुटायचं.

आमच्या प्रयोगातला सर्वात मोठा धक्का मात्र हीपशी संबंधित नव्हताच. फाइलमधले नोड ज्या क्रमाने येतात त्यात शेजारचे नोड बऱ्याचदा जवळजवळचे क्रमांक घेऊन येतात. सर सहज म्हणाले, “क्रमांक पिसून बघा.” आम्ही नोडांचे क्रमांक यादृच्छिक पद्धतीने बदलले. ग्राफ तोच, अंतरं तीच, बेरीज तीच. वेळ दुपटीवर गेला. मग उलट केलं, खोलवर शोध घेत ज्या क्रमाने नोड भेटतील त्या क्रमाने नंबर दिले, तर मूळ फाइलपेक्षाही वेळ कमी. म्हणजे ज्या दोन हीपांमधल्या फरकासाठी आम्ही रात्री जागवत होतो, त्याच्यापेक्षा नंबर कसे दिलेत याचा परिणाम जास्त. पेपरात एक ओळ वाढली: सर्व प्रयोगांत नोडांचा कुठला क्रम वापरला आहे. आता दुसऱ्यांच्या पेपरात ती ओळ नसली की मला खटकतं.

वेळेबरोबर क्रियाही मोजायच्या, हा सरांचा दुसरा आग्रह. किती वेळा घातलं, किती वेळा काढलं, किती वेळा अंतर कमी केलं. हे आकडे यंत्रावर अवलंबून नसतात, कुणीही पुन्हा काढले तरी तेच येतात. मोजणारा कोड आणि वेळ घेणारा कोड मात्र वेगळे बांधायचे, नाहीतर मोजणीचाच वेळ मोजला जातो. इथे तो भागाकार कामाला आला. सर्वात वाईट परिस्थितीत अंतर कमी करण्याची क्रिया जवळपास प्रत्येक कडेमागे एकदा होऊ शकते. पण रस्त्यांच्या जाळ्यात एका नोडला कडाच इतक्या थोड्या, की ही क्रिया फारशी घडतच नाही. फिबोनाची हीप ज्या क्रियेसाठी एवढा सरंजाम बाळगतो, तिला बोलावणंच येत नाही.

सरंजाम किती, तेही बघू. फिबोनाची हीपच्या प्रत्येक घटकात पालक, मूल, डावा शेजारी आणि उजवा शेजारी असे चार पॉइंटर, म्हणजे त्यांचे मेमरीतले पत्ते. आठ-आठ बाइटचे म्हणजे बत्तीस बाइट नुसत्या नात्यागोत्यांचे. अंतर, मुलांची संख्या आणि खूण वेगळीच. आमच्या तुलनेतला तिसरा तो चतुःशाखी हीप: द्विशाखीसारखाच, पण प्रत्येक घटकाला चार मुलं. त्यात पॉइंटर नाहीतच, सगळं एका सलग अ‍ॅरेत (यादीत). अंतराला चार बाइट आणि नोडच्या क्रमांकाला चार धरले, तर एका घटकाची चारही मुलं मिळून बत्तीस बाइट. अ‍ॅरेची जुळणी नीट ठेवली तर ती एकाच ६४ बाइटच्या कॅशओळीत (कॅशमध्ये एकदम येणाऱ्या तुकड्यात) बसतात, आणि त्यातलं लहानात लहान मूल शोधायला मेमरीकडे एकच फेरी. पाठ्यपुस्तकं वेळेची वाढ ज्या ओ-चिन्हात लिहितात त्यात यातलं काहीच दिसत नाही.

रन लावायचे म्हणजे क्लस्टरच्या रांगेत उभं राहायचं. सत्राच्या मध्यापर्यंत काम तासाभरात सुरू व्हायचं. शेवटच्या महिन्यात सगळ्यांचेच प्रकल्प एकदम आले आणि दोन-दोन दिवस थांबावं लागलं. मोठं काम लहान तुकड्यांत लावा आणि वेळेची मर्यादा खरी सांगा. चोवीस तास मागणाऱ्यापेक्षा दोन तास मागणाऱ्याला मधल्या फटीत लवकर जागा मिळते. प्रत्येक रनच्या ओळीत कोडची आवृत्ती, यादृच्छिक आकडे जिथून सुरू होतात तो सीड, यंत्राचं नाव, कंपायलरचे पर्याय आणि तारीख आपोआप लिहिली जाईल अशी सोय आधीच करून ठेवा. माझ्या जोडीदाराने हे पहिल्याच दिवशी केलं होतं. तेव्हा मी त्याला “अरे, एवढं कशाला?” म्हटलं होतं; परीक्षणाच्या वेळी त्याच रकान्यांनी आमची लाज राखली.

आकृत्यांवर तीन तास वर्ग झाला, आणि मला तो संपूच नये असं वाटत होतं. आडव्या अक्षावर नोड आणि उभ्यावर सेकंद मांडले की सगळ्या रेषा कोपऱ्यात चिकटतात आणि एकच मोठा ग्राफ अख्खी आकृती बळकावतो. दोन्ही अक्ष लॉगमध्ये घ्या, लहानमोठे सगळे दिसू लागतात. त्याहून चांगलं म्हणजे वेळेला अपेक्षित वाढीने भागा. रेषा आडवी राहिली तर अपेक्षा बरोबर. वर चढू लागली तर काहीतरी शिल्लक आहे, आमच्या बाबतीत ती कॅश होती. अनेक उदाहरणांवर अनेक पद्धती असतील तर डोलन आणि मोरे यांचे २००२ सालचे कामगिरी-आलेख: कुठली पद्धत किती टक्के उदाहरणांवर सर्वोत्तमाच्या दुप्पट वेळेच्या आत राहते, तिप्पट वेळेच्या आत राहते, असं. गुणोत्तरांची सरासरी काढायची तर भूमितीय. अंकगणिती सरासरीत पाया बदलला की विजेताही बदलू शकतो. सरासरी वेळेऐवजी मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) आणि सोबत पसारा. आणि प्रत्येक आकृतीला एकच प्रश्न विचारायचा: ही काढून टाकली तर कुठला दावा उघडा पडेल? कुठलाच नसेल तर आकृती बाद. आमच्या जवळजवळ निम्म्या आकृत्या अशा गेल्या.

लेखन म्हणजे शेवटच्या दोन आठवड्यांचं काम, अशी आमची कल्पना. प्रत्यक्षात नवव्या आठवड्यात कच्चा मसुदा मागितला गेला. क्रम ठरलेला: आधी आकृत्या आणि त्यांच्याखालच्या ओळी, मग प्रयोगांचा भाग, मग पद्धत, त्यानंतर प्रस्तावना आणि गोषवारा अगदी शेवटी. आकृतीखालची ओळ इतकी पुरेशी हवी, की फक्त आकृत्या चाळणाऱ्यालाही पेपर कळावा. आधीच्या कामाचा आढावा हा मला सगळ्यात कंटाळवाणा भाग वाटला आणि अजूनही वाटतो. पण तो करतानाच लार्किन, सेन आणि टारजन यांचा अग्रक्रम रांगांवरचा २०१४ सालचा प्रायोगिक अभ्यास हाती लागला. स्वतः टारजनच लेखकांत असलेल्या या पेपरात अ‍ॅरेवर बांधलेले साधे हीप कित्येक कामांत बाजी मारतात, हे वाचून आम्हाला धीर आला. आमचं वेगळेपण कुठे उरतं, हेही मग नेमकं लिहिता आलं.

मसुदा परत आला तेव्हा एका वाक्याखाली तिहेरी रेघ होती. वाक्य होतं, ‘चतुःशाखी हीप लक्षणीयरीत्या वेगवान असल्याचे दिसून आले.’ मॅडमनी वर्गात ते फळ्यावर घेतलं. लक्षणीय म्हणजे किती? कशापेक्षा? कशावर? कुणाला दिसून आलं? अर्ध्या तासाने फळ्यावर उरलं ते असं: ‘बाराही जाळ्यांवर चतुःशाखी हीपचा मध्यक वेळ द्विशाखी हीपपेक्षा कमी आला, जाळं जितकं लहान तितका हा फरक कमी होत गेला.’ वाक्य लांबलं, पण आता ते खोडून काढता येण्याजोगं झालं. मॅडमच्या लेखी हाच त्याचा मोठा गुण.

आणि मसुद्यातल्या आणखी एका वाक्याने आम्हाला पुन्हा प्रयोगाला बसवलं. ‘अंतर कमी करण्याच्या क्रिया थोड्या, म्हणून फिबोनाची हरतो’ असं लिहिताना तो ‘म्हणून’ उघडा पडला. क्रिया जास्त असताना काय होतं, हे आम्ही बघितलंच कुठे होतं? तक्त्याचा उजवा रकाना रिकामा. मग मुद्दाम असे दाट, म्हणजे खूप कडांचे, ग्राफ रचले, की प्रत्येक कडेवर अंतर कमी करावं लागेल. तिथे चित्र पालटायला लागलं, फिबोनाची हीप मागून जवळ येऊ लागला. यादृच्छिक वजनांच्या दाट ग्राफांवर मात्र या क्रिया अपेक्षेहून खूपच कमी होतात. सिद्धांतही तेच सांगतो, साधारण नोडांची संख्या गुणिले एका नोडमागच्या सरासरी कडांचा लॉग. हा सगळा भाग मूळ आराखड्यात नव्हता. पेपरातलं सर्वात चांगलं पान तेच झालं, असं मला वाटतं.

अकराव्या आठवड्यात परीक्षण. पेपरावर लेखकांची नावं नाहीत, परीक्षकांचीही नाहीत. नाव लपवायचं म्हणजे कोडमधल्या टिपा, फोल्डरचे पत्ते, पीडीएफची अंतर्गत माहिती, सगळं धुऊन काढायचं. प्रत्येकाला तीन पेपर. परीक्षणात आधी पेपरात काय म्हटलंय ते आपल्या शब्दांत, मग बलस्थानं, मग त्रुटी, आणि प्रत्येक त्रुटीसमोर लेखकांनी नेमकं काय केलं तर ती दूर होईल ते. ‘प्रयोग अपुरे’ एवढंच लिहिलेलं परीक्षण मॅडम परत पाठवत. स्वतःचा पेपर सुधारायला याहून चांगला उपाय नाही. परीक्षण आठव्या आठवड्यात ठेवलं असतं तर सगळ्यांचेच पेपर सुधारले असते, असं मी अभिप्रायात लिहून दिलंय.

आमच्यावर आलेल्या परीक्षणांपैकी एकात होतं: ‘कंपायलरचे पर्याय दिलेले नाहीत, फिबोनाची हीपसाठी मेमरी एकदम घेतली की घटकागणिक?’ प्रश्न रास्त होता. घटकागणिक मेमरी मागितली तर तो खर्च हीपच्या नावावर पडतो. आमच्याकडे दोन्ही प्रकारचे रन नोंदलेले होते, त्यामुळे पाचशे शब्दांच्या उत्तरात लगेच देता आलं. दुसऱ्या परीक्षकाला आमचा प्रश्नच ‘फार जुना’ वाटला. उत्तरात वाद घालू नका. पेपरातल्या कुठल्या ओळीत बदल केला ते दाखवा, आभार माना, पुढे चला.

अंतिम मुदत ‘एओई’ होती, म्हणजे पृथ्वीवर कुठेही ती तारीख शिल्लक असेपर्यंत. जागतिक प्रमाणवेळेच्या (यूटीसीच्या) बारा तास मागे. याचा आपल्या घड्याळातला हिशेब आधीच करून भिंतीवर लावा. शेवटच्या तासात पोर्टल रेंगाळतं. पीडीएफमध्ये सगळे फॉन्ट अंतर्भूत नसतील तर ते फाइल नाकारतं, समास हलवून जागा वाढवली तरी नाकारतं. आम्ही आदल्या दिवशीच एक पूर्ण प्रत चढवून ठेवली आणि नंतर ती बदलत राहिलो. सोबत दोन घोषणा भरायच्या: काम स्वतःचं असल्याची, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं कुठे व कशासाठी वापरली त्याची. दुसरी गुळमुळीत भरलेल्यांना बोलावून विचारणा झाली. ‘भाषा तपासण्यासाठी, तिसरा भाग’ असं लिहिलेल्यांना कुणी काही म्हटलं नाही. कोड आणि कच्चे आकडे वेगळे द्यायचे, एका आज्ञेत सगळ्या आकृत्या पुन्हा तयार होतील असे. सर ते खरोखर चालवून बघतात.

सादरीकरण पंधरा मिनिटांचं, पाच मिनिटं प्रश्नांची. बारा पानं पंधरा मिनिटांत बसत नाहीत; आम्ही दोनच आकृत्या घेतल्या, नोडांच्या क्रमांकांची आणि दाट ग्राफांची. अक्षांवर काय आहे ते तोंडाने सांगा, लोक ते वाचत नाहीत. प्रश्न आला तो अपेक्षित होता: कडांची वजनं पूर्णांक आहेत, तर तुलना करणारे हीप हवेतच कशाला, पूर्णांकांचा फायदा घेणारे बकेट किंवा रॅडिक्स हीप का नाही? मर्यादांच्या परिच्छेदात तो मुद्दा लिहिलेला होता, तेवढंच सांगितलं.

त्यानंतर गुणांसाठी पाच आठवडे वाट. चाळीस टक्के पेपरचे, बाकीचे प्रयोगांची पुनरावृत्ती, परीक्षणं आणि सादरीकरण यांत वाटलेले; परीक्षणांना वीस टक्के आहेत हे बऱ्याच जणांच्या लक्षातच आलं नव्हतं. गुणांबरोबर दोन पानी लेखी शेरेही मिळतात, ते मागून घ्या, आपोआप येत नाहीत.

नावं उघड करायची परवानगी मिळाल्यावर कोड आणि आकडे झेनोडो या संशोधनाच्या खुल्या ऑनलाइन संग्रहावर ठेवले, म्हणजे त्याला कायमचा क्रमांक मिळाला. जोडीदाराने रॅडिक्स हीपचा कोड लिहायला घेतलाय. क्लस्टरचं खातं सत्रानंतर तीस दिवस चालू राहतं. मुदत वाढवायची तर नवा अर्ज आणि पुन्हा मार्गदर्शकांची सही. तो अर्ज आज सकाळी दिलाय.